विसरण्यातला फरक

आम्ही दोघंही शिक्षक. वर्गात एखाद्याला कवितेची ओळ आठवली नाही की आम्ही पहिला शब्द सांगतो. काही मुलं लगेच पुढचं घडाघडा म्हणतात, काही तशीच उभी राहतात. पहिल्यांचं पाठ झालेलं असतं, फक्त वेळेवर सापडत नाही. दुसऱ्यांचं मुळात पाठच झालेलं नसतं. म्हातारपणातल्या विसरण्यातही असाच फरक असतो, हे आम्हाला घरच्या दोन बुजुर्गांमुळे कळलं.

अम्मी आणि खालाजान सख्ख्या बहिणी. दोघी विसरू लागल्या तेव्हा नातेवाईकांनी निकाल देऊन टाकला, "खानदानी आजार आहे." अम्मींबद्दल तर "नाटक करतात" असंही बोललं गेलं. सकाळी कोण आलं होतं विचारलं की त्या गप्प, "मिठाई कोणी आणली?" म्हटलं की झटकन नाव सांगायच्या!

डॉक्टरांनी दोघींना पाच शब्द सांगितले, मध्ये दुसरी कामं दिली आणि पाच मिनिटांनी तेच शब्द विचारले. अम्मींना दोन आठवले. "एक फूल होतं" असा इशारा मिळताच बाकीचेही आले. खालाजानना एकही आठवला नाही. इशाऱ्यानेही नाही, आणि तीन शब्दांतून ओळखायला सांगितलं तरी चुकीचाच निवडला.

दोघींचे एकूण गुण जवळपास सारखेच होते. पण पेपर तपासणाऱ्याला ठाऊक असतं, बेरीज सारखी असली तरी चुका वेगळ्या असतात. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर बाधित होतो, म्हणून इशारा फारसा कामी येत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडून होणाऱ्या डिमेन्शियात आठवण बऱ्याचदा शिल्लक असते, पण ती बाहेर काढणं आणि विचार करणं मंदावतं. अम्मींच्या एमआरआयमध्ये लहान लहान झटक्यांच्या खुणा निघाल्या. "नाटक" ते हेच होतं.

आणखीही प्रकार आहेत. ल्युई बॉडी डिमेन्शियात सुरुवातीला स्मरण बरं असतं, पण घड्याळाचं चित्र काढताना काटे-आकडे चुकतात, नसलेली माणसं दिसतात. अशा रुग्णाला भास थांबवण्याची काही औषधं फार घातक ठरू शकतात, म्हणून प्रकार कळणं गरजेचं. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात अनेकदा आधी स्वभाव बदलतो किंवा शब्द हरवतात.

मात्र निव्वळ चाचणीवर निदान होत नाही. म्हातारपणी दोन प्रकार एकत्रही असतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड आणि उदासी यांनीही माणूस विसरतो, आणि त्यांवर इलाज आहे. ऐकू कमी येत असेल तर शब्द कानावर पडतच नाहीत. शिवाय १९७५ सालची एमएमएसई असो की २००५ सालची मोका, दोन्ही ३० गुणांच्या परीक्षांवर शिक्षणाचा परिणाम होतो. खालाजान चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या. त्यांना मराठीत उलटी वजाबाकी विचारून गुण कापणं हा न्याय नव्हे. आम्ही तसं सांगितलं आणि डॉक्टरांनी उर्दूत विचारलं. घरच्यांनी हे जरूर सांगावं: भाषा कोणती, शिक्षण किती, विसरणं हळूहळू वाढलं की अचानक.

आता अम्मींचं ब्लडप्रेशर आणि साखर सांभाळणं हे आमचं पहिलं काम, कारण पुढचे झटके टाळता येऊ शकतात. त्या अडल्या की आम्ही हलकेच इशारा देतो आणि उत्तराची वाट पाहतो. खालाजानना मात्र "आठवतं का?" असं विचारणंच बंद केलंय. समोर जाऊन आधी आपलं नाव सांगायचं, मग सलाम. तरुणपणीच्या गोष्टी त्या अजून रंगवून सांगतात. त्या ऐकायला बसलं की त्यांचा चेहरा खुलतो.