पाणचक्की, खाम नदी आणि आमची बॅच

औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) लोक येतात ते बहुधा वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर. अर्धा दिवस शहराला देतात, बीबी का मकबरा पाहतात, पाणचक्कीवर फोटो काढतात आणि निघतात. आम्ही मात्र या शहरात बी.एड.साठी अख्खे वर्ष काढले. तेव्हा हा अभ्यासक्रम एका वर्षाचाच होता. परभणी, बीड, जालना, नांदेड अशा चहूकडून आलेलो आम्ही. कुणी उर्दू माध्यमातून शिकलेले, कुणी मराठी.

सकाळी कॉलेज, दुपारी कुठल्यातरी शाळेत सराव पाठ आणि रात्री पाठ टाचण. औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून कार्डशीट आणि रंगीत खडू आणायचे, मग एकाच्या खोलीवर बसून सगळ्यांचे तक्ते पुरे करायचे. मराठी माध्यमाचे मित्र आमचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देत आणि आम्ही त्यांना 'ग़ज़ल'मधले ग़ आणि ज़ म्हणायला शिकवत असू. महिन्याची मनीऑर्डर आली की सगळ्यांना मिळून नान-खलिया. पैसे संपले की चहा-खारी.

अभ्यासाला आमची आवडती जागा पाणचक्की. शेजारून खाम नदी वाहते, आवारात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे आणि हौदाच्या काठावर वडाची गार सावली. शहराबाहेरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर येते, उंचावरून हौदात पडते आणि त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरते. फकीर, मुसाफिर आणि इथे शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी या जात्यावर पीठ दळले जाई. शहराच्या नहरींची सुरुवात केली ती मलिक अंबरने. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० च्या सुमारास त्याने इथल्या खडकी गावाचे शहर केले.

आमच्यातल्या परभणीच्या मित्राने विज्ञानाचा सराव पाठ यावरच घेतला होता. प्लॅस्टिकची नळी, दोन बाटल्या आणि फळ्यावर खडूने काढलेली नहर. पाणी उताराने येते, पुन्हा वर कसे चढते, हे सातवीच्या मुलांना त्याने असे समजावले की निरीक्षणाला आलेले सरही शेवटी टाळ्या वाजवून गेले.

मकबऱ्यावर हेच सर आम्हाला घेऊन गेले होते. ताजमहालाची नक्कल म्हणून सगळे या इमारतीला हिणवतात. शहजादा आझम शाहने ती आपली आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी बांधली. सरांनी आम्हाला आधी दरवाजा दाखवला. त्यावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत. "मुलांना इमारत दाखवाल तेव्हा बांधणाऱ्यांची नावे आधी सांगा," असे ते म्हणाले. आमची सहल गेली की आम्ही आजही तेच करतो.

वर्ष संपले आणि बॅच पांगली. कुणी जिल्हा परिषदेत लागले, कुणी अनुदानित शाळेत. परभणीचा मित्र एका विनाअनुदानित शाळेत बारा वर्षे राबला. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर संसार चालत नाही, म्हणून शेवटी त्याने किराणा दुकान टाकले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात बदल्या, वेतनश्रेणी, घरभरणी यांच्या बातम्या येत. तो गटात होता, पण एक शब्द लिहीत नसे.

गेल्या हिवाळ्यात पाणचक्कीवर जमायचे ठरले. त्याचा निरोप आला, "तुम लोगां सब सर-मॅडम, मैं क्या बनके आऊं?" त्यावर दोघे जण त्याच्या गावी गेले. दुकानात बसून चहा घेतला, भाभींना आणि मुलीलाही आग्रह केला आणि सगळ्यांना गाडीत घालूनच आणले.

हौदाकाठी आमच्या मुलांनी विचारले, "चाचा, हे पाणी वर कसं येतं?" त्याने रिकामी बाटली मागितली. पंचवीस-तीस पोरे भोवती बसली. सिव्हिल इंजिनीअरिंग शिकणारी त्याची मुलगी मध्येच नळांतल्या दाबाचे गणित सांगू लागली. तो हसून बाजूला सरकला आणि बाटली तिच्या हातात दिली. त्या संध्याकाळी गटात त्याने पहिल्यांदा काही टाकले, ते मुलीचे शिकवतानाचे फोटो होते.

तिथेच आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. वर्गणी एकाकडे गुपचूप द्यायची, कुणाची किती हे विचारायचे नाही. आणि जो गटात गप्प आहे त्याला महिन्यातून एकदा कुणीतरी फोन करायचाच, शक्यतो कामाशिवाय. वाचकांनीही आपल्या जुन्या बॅचसाठी हे करून पाहावे.

पुढच्या वर्षी खुलताबाद ठरले आहे. मलिक अंबरची कबर तिथेच आहे. डबे घरचे आणायचे आहेत, आणि पोरांना नहरीची पुढची गोष्ट सांगायचे काम परभणीकराने आपणहून घेतले आहे.