आधी टाकी लावून घे!

मैत्रिणींनो, घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची म्हटली की आपण किती दिवस घोळ घालतो, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. फ्रीज घेताना मी तीन दुकानं पालथी घातली होती. पण यंदाच्या उन्हाळ्यात ज्या वस्तूपायी मी महिनाभर झोप घालवली, ती स्वयंपाकघरातली नव्हेच. ते होते माझ्या सायकलचे गिअर!

हसू नका हं. ही सायकल भाजी आणायची नव्हे, ट्रायथलॉनची. आधी पोहायचं, तसंच ओलेत्यानं सायकलवर बसायचं आणि उतरल्या पायी पळायला लागायचं, असा तो प्रकार. मुलाला पोहायला घेऊन जायची, काठावर बसून कंटाळा यायचा, म्हणून तिशी उलटल्यावर मीही पाण्यात उतरले आणि तिथून हे वेड लागलं. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली पहिल्यांदा झालेली ती मोठी शर्यत मला एकदा तरी पुरी करायची आहे. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. सायकल पुण्याच्या एका गृहस्थांकडून जुनीच घेतली.

आता गोम कुठं आहे ते सांगते. या सायकलला दोन हँडलं असतात म्हणा ना. मधल्या दोन दांड्या पुढं निघालेल्या. कोपरं गादीवर टेकायची, त्या धरून वाकायचं, म्हणजे वारा कमी लागतो. गिअरचे खटके या दांड्यांच्या टोकाला. ब्रेक मात्र बाहेरच्या रुंद हँडलला! सपाटीला काही वाटत नाही. पण चढाला किंवा उताराला बाहेरचं हँडल धरावं लागतं, आणि गिअर बदलायचा तर एक हात तिथून काढून पुढं न्यावा लागतो.

फेब्रुवारीत पन्हाळ्याहून उतरताना नेमकं तेच झालं. वाघबिळाच्या अलीकडे उजवा हात गिअरवर, खटका दाबतेय तर चेन जागची हलेना, आणि आडव्या वाटेनं उसाचा ट्रॅक्टर बाहेर आला. एका हातानं जेवढा ब्रेक लागायचा तेवढा लागला. ट्रॉलीच्या चाकापासून दोन हातांवर थांबले असेन. घरी येऊन कुकर लावला, तर शिट्ट्या मोजायचं भान नव्हतं.

घरी कुणाला बोलले नाही. बोलले ती पोहण्याच्या मैत्रिणीशी. ती म्हणाली, ‘‘अगं, इलेक्ट्रॉनिक गिअर बसव, सुटशील!’’

मग मी त्यात शिरले. साध्या गिअरमध्ये खटका दाबला की तार ओढली जाते, तार मागच्या यंत्राला ओढते आणि चेन एका चक्रीवरून दुसरीवर जाते. इलेक्ट्रॉनिकमध्ये ओढाओढीच नाही. बटण दाबायचं, की यंत्रातली छोटी मोटर चेनला नेमकी जागेवर नेऊन ठेवते. शिमानो कंपनीनं हे २००९ साली बाजारात आणलं, तेव्हा ते शर्यतीतल्या मोठ्या लोकांचं होतं. आता आमच्यासारख्यांपर्यंत उतरलंय. आणि खरी मौज पुढंच आहे. बटणं दोन्ही जागी बसवता येतात, दांड्यांच्या टोकालाही आणि ब्रेकपाशीही. म्हणजे हात न हलवता गिअर बदला! बॅटरी एकदा भरली की शेकडो किलोमीटर चालते. ती संपत आली तर शिमानोमध्ये आधी पुढचा गिअर बंद पडतो, मागचा आणखी थोडा वेळ साथ देतो. म्हणजे अंदाज येतो.

दुकानदारानं कागदावर आकडा लिहून दिला. बसवण्याच्या मजुरीसकट एक लाख वीस हजार. साखळी, चक्र्या, मागचं-पुढचं यंत्र, सगळंच बदलायचं. नुसती बटणं लावून भागत नाही.

मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, तासाला दीडशे रुपये. करा हिशेब. आठशे तास! पोस्टातलं माझं आवर्ती खातं नुकतंच पुरं झालं होतं आणि त्यात एवढे पैसे होते, हीच तर पंचाईत. नसते तर विषय मिटला असता. ह्यांना विचारलं, तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘‘तुझे पैसे आहेत, घे की.’’ आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ ‘घे’ की ‘घेऊन बघच’?

शेवटी सासूबाईंना सांगितलं, ट्रॅक्टरसुद्धा. त्यांनी आधी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग विचारलं, ‘‘तार कवा बदललीस?’’

मी गप्प. सायकल घेतल्यापासून तार बदललीच नव्हती.

‘‘पाटा गुळगुळीत झाला की वाटण बारीक होत न्हाई. तेवढ्यासाठी कोण मिक्सर आणत नव्हतं बाई. टाकीवाली दारात आली की टाकी लावून घ्यायची. तू आधी टाकी लावून घे, मग मिक्सरचं बघू.’’ आणि हे कोण सांगतंय? १९८२ साली आमच्या गल्लीत पहिला मिक्सर ज्यांनी आणला, त्या!

मेस्त्रींनी तार ओढून काढली तेव्हा मलाच लाज वाटली. पावसाचा चिखल, घामाचं मीठ, गंज. आवरणात तार अक्षरशः रुतली होती. ‘‘वहिनी, या सायकलीत तार पोटातनं जाते, वळणं लई. वर्षाला बदलायलाच पाहिजे,’’ मेस्त्री म्हणाले. तारा, आवरणं आणि मजुरी धरून नऊशे रुपये झाले. खटका असा हलका लागायला लागला की मी गल्लीतच पाच फेऱ्या मारल्या.

म्हणजे निम्मं दुखणं तारेचं होतं. पण निम्मंच. ब्रेकवरून हात काढायचा तो काढायचाच की! म्हणून मी मोजायचं ठरवलं. शिरोळच्या बाजूच्या सपाट रस्त्यावर चाळीस किलोमीटरमध्ये बाहेरच्या हँडलवरचा हात गिअरसाठी चार वेळा सोडावा लागला. पन्हाळ्याला जाऊन येऊन एकतीस वेळा. पुढच्या रविवारी चढ किंवा उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर लावून घ्यायचा आणि मग उतारभर दोन्ही हात ब्रेकवर, असं केलं. एकोणीसवर आलं. उरलेले एकोणीस मात्र कौशल्यानं जाणारे नाहीत. तिथं बटणच हवं. जी रोज घाटात सायकल चालवते, जिचे अंगठे दुखतात, तिनं खुशाल घ्यावं असं मी म्हणेन. तिचे पैसे वाया जाणार नाहीत.

आणि मी? मी यंदा नाही घेत. पण हे ‘नाही’ म्हणताना मला स्वतःचाच संशय आला, बरं का. साडीच्या दुकानात ‘मला नको, आहेत चार’ म्हणतो ना आपण, तेच तर हे नव्हे? दोन रात्री त्यातच गेल्या. मग वहीत लिहून काढलं: मला अजून समुद्रात पोहायची भीती वाटते, नव्वद किलोमीटरनंतर पाय पळायला तयार नसतात, या दोन्हींत गिअरचा काही संबंध नाही. त्यातलेच बारा हजार पोहण्याच्या शिकवणीला घातले. पन्हाळ्याचा उतार एकटीनं करायचा नाही, हेही लिहिलं.

उरलेल्या पैशांवर घरात डोळा होताच. हे म्हणाले, ‘‘मग आता बाल्कनीला ग्रील करून टाकू या का?’’ दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी पोस्टात गेले आणि एक लाख आठ हजार एका वर्षाच्या मुदत ठेवीत घातले. पावती सायकलच्या कागदांबरोबर ठेवली आहे. गोव्याहून आले की पुन्हा पन्हाळ्याला जाऊन मोजणार. तेव्हाही एकोणीस निघाले, तर बटणं.

पावती बघून सासूबाई म्हणाल्या, ‘‘ते चार्जिंग का काय ते कुठं लावणार गं? मिक्सरच्या शेजारचा प्लग माझ्या मोबाईलचा आहे, आत्ताच सांगून ठेवते.’’