आमच्या घरचा वर्ग

शाळेंतून निवृत्त होऊन आम्हांस कांहीं वर्षें लोटलीं. पण मास्तरकी सुटत नाहीं. गेल्या वैशाखांत वैभववाडीस आमच्या पडवींत सकाळीं मुलांचा रघुवंशाचा वर्ग चाले, आणि दुपारभर आम्ही पुस्तकांत बुडालेले असूं. पंधरा दिवसांत सात पुस्तकें वाचून झालीं, याचा आम्हांस कोण अभिमान!

आठवें हातीं आलें तें रमाबाई रानडे यांचें, १९१० सालीं प्रसिद्ध झालेलें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, लग्न होऊन आलेल्या रमाबाईंस माधवरावांनीं स्वतः शिकविलें. घरांतल्या बायकांचा रोष सोसून त्या शिकल्या. ही हकीकत आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविली. आमचें कुटुंब पलीकडे रातांबे फोडीत बसलें होतें. हात न थांबवितां ती म्हणाली,

“ते तर न्यायाधीश, तरी बायकोस शिकवायला त्यांना सवड झाली. आमच्या घरीं तर मास्तरच होते, नाहीं का?”

तिची शाळा चौथींतच सुटलेली. शेंकडों मुलांस आम्हीं संस्कृत शिकविलें. परंतु आमचें वाचन निर्वेध चालावें म्हणून चुलीपाशीं कोण बसलें आहे, हा विचार चाळीस वर्षांत मनांत आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून रातांबे आम्ही फोडूं लागलों व ती वाचूं लागली. शब्दाशब्दाला अडे, विचारी, पुढें जाई. आमचें आठवें पुस्तक तसेंच राहिलें. करुळ घाटावर मृगाचे ढग जमले, त्या दिवशीं तिचें पहिलें पुस्तक पुरें झालें.