दोष कोणाच्या हाताचा?

गेल्या हिंवाळ्यांत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही चाकणचा संग्रामदुर्ग पाहावयास गेलों होतों. इ. स. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळा यांनीं शाएस्तेखानाच्या प्रचंड सैन्याशीं जवळजवळ दोन महिने जो किल्ला झुंजविला, त्याचा थोडाच तट आज उभा आहे. वार्षिक अंकासाठीं त्या तटाचीं छायाचित्रें काढण्याचें काम आम्हीं एका विद्यार्थ्याकडे सोंपविलें व शाळेचा मिररलेस कॅमेरा त्याच्या हातीं दिला.

चित्रें पाहतों तों निम्मीं अस्पष्ट! आम्हीं सर्व वर्गादेखत म्हटलें, "हात स्थिर ठेवतां येत नसेल, तर असलें काम अंगावर घेऊं नये." मुलगा मान खालीं घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं मात्र तो तींच चित्रें घेऊन आमच्याकडे आला व हळूच म्हणाला, "सर, दगडांचे आडवे सांधे दुहेरी दिसतात, उभे स्पष्ट आहेत. माझा हात हलला असता, तर दर खेपेस एकाच दिशेनें कसा हलला असता? माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यांत लेथ चालवितात. जॉबवर रेघा उमटल्या, तर यंत्रच थरथरतें काय, हें ते आधीं पाहतात."

आम्ही निरुत्तर झालों. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून, टायमर लावून, शाळेच्या विटांच्या भिंतीचें १/१०० सेकंदाचें चित्र घेतलें. हाताचा स्पर्शहि नव्हता. तरी दुहेरीपणा तोच!

कारण असें कीं, या कॅमेऱ्यांत दृश्य सतत दिसावें म्हणून शटर उघडेंच असतें. कळ दाबतांच तें आधीं मिटतें, लगेच पुन्हां उघडतें, आणि मग चित्र उमटूं लागतें. या हालचालीचा धक्का शमण्यापूर्वींच सेन्सर प्रकाश टिपूं लागतो. शटरचे पडदे वरखालीं धांवतात, म्हणून थरथरहि उभ्या दिशेची, आणि आडव्या रेघा दुहेरी. सुमारें १/६० ते १/२०० सेकंदांच्या चित्रांत हा दोष विशेष जाणवतो. फार जलद चित्रांत थरथरीस अवधि मिळत नाहीं. दीर्घ चित्रांत तिचा वाटा अल्प असतो.

उपाय कॅमेऱ्यांतच होता. 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' निवडल्यास पहिल्या पडद्याचें काम सेन्सर विजेनेंच करतो; यांत्रिक पडदा केवळ अखेरीस मिटतो. तसें करतांच विटा रेखीव उमटल्या. संपूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्यें धक्का मुळींच नसतो. परंतु सेन्सर ओळीओळीनें वाचला जात असल्यामुळें नाशिक रस्त्यावरून धांवणारा ट्रक तिरपा दिसतो, व कांहीं दिव्यांखालीं चित्रावर पट्टे उमटतात. तटासारख्या स्थिर वस्तूस मात्र तोहि चालतो.

ज्या वर्गादेखत आम्हीं त्या मुलास दोष दिला, त्याच वर्गादेखत आम्हीं आपली चूक कबूल केली. वीस वर्षें शिकविणाऱ्या माणसास तें सोपें गेलें नाहीं. चुकीचें कारण शोधण्यापूर्वीं चुकणारा ठरवून मोकळें होणें, ही आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे.

पुढच्या शनिवारीं त्याच मुलाच्या हातीं कॅमेरा देऊन आम्ही पुन्हां चाकणास गेलों. या अंकांतील तटाचीं छायाचित्रें त्याचींच आहेत.