थांबलेली गाडी आणि रत्नागिरी

रत्नागिरी हे वाटेवरचे गाव नाही, टोकाचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग हातखंब्यावरून परस्पर दक्षिणेस निघून जातो. रत्नागिरीस यायचे तर तेथून पश्चिमेकडे वळून मुद्दाम खाली उतरावे लागते. कोकण रेल्वेचे स्थानकही शहरापासून सहा-सात किलोमीटर दूर आहे. पूर्वी मांडवीच्या आणि भगवती बंदराच्या बाजूने समुद्र हीच या गावाची वेस होती. बोटी बंद झाल्या आणि ती वेस रस्त्याकडे आली. तेव्हापासून या गावाचा श्वास एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

‘सरकार बंद पडले’ अशी बातमी अधूनमधून अमेरिकेतून येते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात तेथील सरकारी कामकाज ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस ठप्प झाले होते. खर्चाच्या विधेयकावर एकमत झाले नाही की कर्मचारी घरी बसतात किंवा वेतनाविना कामावर राहतात. २०२५ च्या खेपेस तर विमानतळांवरील उड्डाणेही कमी करावी लागली. परदेशी असलेल्या मुलांच्या काळजीने आपल्यापैकी कित्येकांनी त्या बातम्या वाचल्या असतील. आपल्याकडे तसे घडत नाही. अंदाजपत्रक मंजूर होण्यास विलंब लागला तर राज्यघटनेतील लेखानुदानाच्या तरतुदीने तात्पुरता खर्च चालतो, आणि सभागृहाने पैसाच नाकारला तर बंद पडत नाही, सरकार पडते. आपल्याकडे शासन थांबते ते दुसऱ्या वाटेने, म्हणजे ते चालविणारे हात थांबले की. रत्नागिरीने असे थांबणे २०२१-२२ च्या हिवाळ्यात जवळजवळ सहा महिने अनुभवले.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांनी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे म्हणून काम थांबविण्यास सुरुवात केली. ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव होता. घराघरांत वहीपूजनाची तयारी चालली असताना एकेका आगाराचे दरवाजे बंद होत गेले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील सुमारे २५० आगारांपैकी बहुतेक सर्व शांत झाली. शासनाने खासगी बसगाड्या, शाळांच्या गाड्या, एवढेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली, यावरून अडचणीची खोली कळते.

इतर कित्येक शहरांत एस.टी. थांबली तरी महापालिकेची बस असते. रत्नागिरीत शहर बसही एस.टी.च चालवते. त्यामुळे येथे परगावचा प्रवास आणि घरापासून बाजारापर्यंतचा प्रवास एकाच दिवशी थांबला. मध्यवर्ती बसस्थानकाचे नवे बांधकाम त्या काळी रखडलेलेच होते. त्यात रहाटाघरच्या फलाटांवरही सामसूम झाली. जेथे देवरुख, लांजा, राजापूर, पावस अशा पाट्यांभोवती सकाळपासून गर्दी उसळावयाची, तेथे झाडूचा आवाजही मोठा वाटू लागला. रेल्वे मात्र चालू होती. पहाटे स्थानकावर उतरलेला पाहुणा शहरात येण्यासाठी रिक्षावाल्याशी भाव ठरवीत उभा राही. थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, टिळकांचे जन्मस्थान पाहून पंचवीस किलोमीटरवरील गणपतीपुळ्यास जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाचा हिशेबच बदलला. स्वतःची मोटार असलेल्याला काही जाणवले नाही. तिकिटाच्या पैशात जग पाहणाऱ्याचे जग आखडले.

खरी झळ पोचली ती डोंगरातल्या वाड्यांना. कोकणातील घरे एकवट नाहीत, एका गावाच्या दहा-बारा वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असतात. संध्याकाळी येऊन रात्री गावातच राहणारी आणि पहाटे शहराकडे निघणारी वस्तीची गाडी हे अशा गावांचे घड्याळ असते. तिच्यातून कॉलेजची मुले येतात, जिल्हा रुग्णालयात दाखवायला निघालेली म्हातारी माणसे येतात, भाजीची टोपली आणि ओल्या काजूगरांची पिशवी घेऊन बाया येतात. ती गाडी थांबली तेव्हा करोनानंतर नुकत्याच उघडलेल्या शाळांतील मुले पुन्हा घरी बसली किंवा कित्येक किलोमीटर चालू लागली. उपचार पुढे ढकलले गेले. ज्यांना ढकलणे शक्य नव्हते, त्यांनी एका फेरीसाठी आठवड्याची मजुरी मोजली.

आपण व्यापारी माणसे. रामआळीच्या किंवा गोखले नाक्याच्या पेढीवर बसून गिऱ्हाईक येते तेव्हा ते कशातून आले, हा विचार आपण क्वचितच करतो. त्या हिवाळ्यात तो करावा लागला. कापड, भांडी, सोने-चांदी, किराणा या साऱ्यांचे खेड्यावरचे गिऱ्हाईक सकाळच्या गाडीने येते आणि दुपारच्या गाडीने परतते. गाडी नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि दुकानात काम करणारा मुलगाही नाही. आंबा घाटातून कोल्हापूरकडून येणारा माल ट्रकने येत राहिला, परंतु एस.टी.च्या टपावरून किंवा पार्सलने येणारी लहान गाठोडी अडली. मे २०२० मध्ये एस.टी.ने मालवाहतूक सुरू केली, ती रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या मुंबईकडे नेऊनच. दोनच वर्षांत हापूसचा हंगाम तोंडावर आला तेव्हा तीच एस.टी. आगारात उभी होती.

अशा वेळी माणसाची परीक्षा होते. वडाप चालविणाऱ्या कित्येकांनी नेहमीच्याच भाड्यात वृद्धांना नेले. कित्येकांनी दुप्पट-तिप्पट मागितले. बाजारातही दोन्ही तऱ्हा दिसल्या. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे, खोटे माप वापरणे, भेसळ करणे हे सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांतच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ नावाचा एक अतिचार आहे. राज्यव्यवस्था विस्कटली असता मौल्यवान वस्तू अल्प मोलात पदरात पाडून घेण्याची खटपट, असा त्याचा आशय आचार्य पूज्यपादांनी विशद केला आहे. शासनाचा गाडा थांबला म्हणजे भाव ठरविणारा आणि अडवणूक रोखणारा हातही सैल पडतो. ज्याला आज घरी परतायचेच आहे, त्याची निकड हीच आपली कमाई, असे मानणे हे कायद्याने कदाचित चोरी ठरणार नाही. व्रताच्या दृष्टीने ते चोरीच्या पंक्तीतलेच आहे. हे सूत्र रचले गेले तेव्हा एस.टी. नव्हती. अडलेला वाटसरू मात्र होता.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही आहे, आणि अनेकान्त मानणाऱ्यांनी ती पाहिलीच पाहिजे. घाटातल्या वळणावर धुक्यातून गाडी काढणारा चालक आणि मुक्कामाच्या गावी मिळेल तेथे पथारी टाकणारा वाहक यांचे वेतन फार थोडे होते, आणि करोनाच्या काळात तेही वेळेवर मिळत नव्हते. कर्जापायी काही कर्मचाऱ्यांनी जीवन संपविले. नोव्हेंबरच्या अखेरीस परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात वाढ जाहीर केली, नव्या कर्मचाऱ्यांसाठी ती ५००० रुपयांची होती. परब त्या वेळी रत्नागिरीचे पालकमंत्रीही होते. काही जण कामावर परतले, बहुसंख्य विलीनीकरणावर ठाम राहिले. हजारोंवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली. विलीनीकरण झाले नाही. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. या सहा महिन्यांत प्रवाशाचे हाल झाले तसेच संपकऱ्याच्या घरची चूलही मंदावली. रत्नागिरीत अनेक घरांत एक भाऊ दुकानात नोकर आणि दुसरा एस.टी.त वाहक असतो. अशा घराला या वादात कोणती बाजू घ्यावयाची हेच कळत नव्हते.

पुढे १४ मार्च २०२३ पासून जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य शासनाचे कर्मचारी संपावर गेले. या वेळी गाड्या धावत होत्या, कचेऱ्यांतील खुर्च्या रिकाम्या होत्या. दाखला, उतारा, शिक्का यांसाठी दूरच्या तालुक्यांतून जिल्ह्याच्या गावी आलेला माणूस जयस्तंभापाशी येऊन तसाच परत फिरे. हा संप २० मार्चला मिटला. सात दिवस आणि सहा महिने यांत अंतर मोठे आहे. तरीही वर्षअखेरीच्या घाईत असलेल्या व्यापाऱ्याला त्या सात दिवसांनी हे दाखविले की, ज्या कचेरीच्या दिरंगाईवर आपण रोज बोट ठेवतो, तिच्यावाचून आपले पानही हलत नाही.

चातुर्मास संपला की आपले साधू-साध्वीजी विहार करतात. वाहन नाही, तिकीट नाही, चार हात पुढची भूमी न्याहाळीत पावले टाकावयाची. संप असो वा नसो, त्यांच्या वाटेत फरक पडत नाही. आपण श्रावक त्या वाटेवरचे नाही. आपल्याला दुसऱ्याच्या श्रमावर बसूनच प्रवास करावा लागतो. म्हणून रत्नागिरीस येणाऱ्या बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते की, एकदा तरी स्वतःची मोटार ठेवून पावसच्या किंवा जयगडच्या गाडीत बसावे. शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाला विचारावे की त्या हिवाळ्यात तो कसा आला-गेला. कोणी फुकट नेले आणि कोणी किती घेतले, हे त्याला अजून नावानिशी आठवत असते.