सावलीतलं सोनं

भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसाच्या दारात सोन्याच्या आशेने आणलेले दगड येतच असतात. कुणाला विहिरीच्या खोदकामात मिळालेला, कुणी ट्रेकहून परतताना ओढ्यातून उचललेला. आणणारा तो खिडकीशी धरून उन्हात फिरवतो: बघा, ही पिवळी चकाकी! तपासणारा मात्र दगड घेऊन खोलीतल्या सावलीत जातो.

सावलीत बऱ्याच दगडांचं सोंग उतरतं. सोनं कसंही धरा, पिवळंच दिसतं. पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज. त्याच्या सपाट बाजू उन्हात लखलखतात आणि दगड जरा वळवला की विझतात. अभ्रकाचे तर नखानं पापुद्रे निघतात. शिवाय महाराष्ट्राच्या बहुतांश भूभागावर लाव्हाचा काळा दगड आहे. कर्नाटकात कोलार आणि हट्टीच्या सोन्याच्या शिरा ज्या खडकांत आहेत, ते याहून कितीतरी जुने. त्यामुळे जाणकार आधी विचारतो, ‘मिळाला कुठे?’ चकाकीचं नंतर.

मग सुई. भिंगाखाली पिवळ्या ठिपक्यावर टोक दाबलं की सोन्यात खळगा पडतो, कारण त्याचं काठिण्य जेमतेम 2.5 ते 3. पायराइटचं 6 ते 6.5, त्यावर सुई घसरते, आणि फार जोर लावला तर कण फुटून काळसर भुगा होतो. चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासलं तर सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची हिरवट काळी. सोनारही कसोटीवर रेघच ओढतो आणि तेजाब लावून भेसळ बघतो. फरक इतकाच की ‘सोनं आहे’ हे त्याने गृहीत धरलेलं असतं. तो ‘किती’ एवढंच विचारतो.

कॅलिफोर्नियात 24 जानेवारी 1848 रोजी जेम्स मार्शलला लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात पिवळे कण दिसले, तेव्हा त्याने पहिल्यांदा तेच केलं जे आजही कुणी करावं: दगडावर ठेवून ठेचलं. कण फुटला नाही, चपटा झाला. पुढे गिरणीचा मालक सटर याच्या किल्ल्यावर आम्ल झालं, तराजू झाला. पण खरा निकाल पहिल्याच घावाला लागला होता.

याच्या उलट इंग्रज दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशर. 1576 साली कॅनडाच्या उत्तरेतल्या बॅफिन बेटाच्या बाजूने तो एक काळा दगड घेऊन लंडनला परतला. एकाहून अधिक परीक्षकांनी त्यात सोनं नाही असं सांगितलं. अन्येलो नावाच्या इटालियन परीक्षकाने मात्र ‘आहे’ म्हटलं, आणि सगळ्यांनी कान दिला तो त्यालाच. 1578 मध्ये तो दगड आणायला 15 जहाजं निघाली, हजार टनांहून अधिक दगड इंग्लंडला आला, डार्टफर्डला खास भट्ट्या उभ्या राहिल्या. सोनं निघालं नाही. तपासणाऱ्याच्या हाताइतकीच त्याची जीभही पारखावी लागते, ती यासाठीच. समोरच्याला हवं तेच सांगण्याचा मोह या कामात रोजचा आहे.

‘नाही’ म्हणण्याचीही घाई नको, हेही तितकंच खरं. एका टन दगडात 5 ग्रॅम सोनं असलं तरी खाण चालू शकते. म्हणजे किलोभर दगडात 5 मिलिग्रॅम, तेही बहुधा डोळ्यांना न दिसणारं. ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्लीत एक फिकट पिवळं खनिज निरुपयोगी समजून रस्त्यांच्या खड्ड्यांत भरलं होतं. ते सोनं आणि टेल्युरियम यांचं संयुग आहे हे 1896 मध्ये कळलं आणि लोकांनी गावचे रस्तेच उकरले. तिथे सुईने काही कळलं नसतं.

अशा दगडाला शेवटी भट्टीच लागते. दगड दळायचा, शिशाच्या भस्माबरोबर वितळवायचा. वितळलेलं शिसं सोनं-चांदी आपल्यात ओढून घेतं. मग हाडांच्या राखेच्या वाटीत ते शिसं शोषलं जातं, मणी उरतो, नायट्रिक आम्लाने त्यातली चांदी काढतात आणि राहील ते तोलतात. पण यासाठी आधी दगडाचं पीठ करावं लागेल, असं सांगितलं की बरेच मालक चाचणीचा नाद सोडतात आणि दगड घरच्या शोकेसमध्ये ठेवतात.