अभ्यासिकेतली झुरळं, तळमजल्यावरची कसर

पुण्यातल्या पेठेत आमचं ग्रंथसंग्रहालय आहे. पहिल्या मजल्यावर अभ्यासिका. सकाळी दार उघडायच्या आधीच एमपीएससीची मुलं जिन्यावर रांग लावून उभी असतात, आणि रात्री दिवे घालवायला गेलं की ‘मॅडम, पाचच मिनिटं’. खाली, तळमजल्याच्या मागच्या अंगाला दुर्मीळ विभाग. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या, जुन्या मासिकांचे बांधीव खंड, रुमालात बांधलेले मोडी कागद. तिथे एखादा संशोधक फिरकला तर फिरकला.

दोन्हीकडची कीड मोजणं माझ्याकडे. कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवायचे, त्यांवर तारीख घालायची, महिन्याने उचलून भिंगाखाली बघायचं आणि वहीत मांडायचं. अभ्यासिकेच्या पानावर झुरळं, मुंग्या, क्वचित उंदराच्या लेंड्या. दुर्मीळ विभागाच्या पानावर कसर. कार्यकारिणीचा हिशेब सोपा होता: माणसं आली की घाण येते, घाण आली की कीड. म्हणून दुर्मीळ विभागाला कायम कुलूप. मला तो कधी पटला नव्हता, पण इमारत रिकामी करून दाखवणार कोण?

मार्च २०२०च्या टाळेबंदीने ती रिकामी केली. जूनमध्ये, निसर्ग वादळाचा पाऊस पडून गेल्यावर, परवानगी काढून मी आणि आमचे शिपाईमामा आत शिरलो. आधी आला तो गटाराचा वास. मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये एरवी पाणी असतं, तेच खालच्या गटाराची वाट अडवून धरतं. एवढे महिने कोणी नळच सोडला नव्हता; पाणी आटलं आणि जाळीतून झुरळांना सरळ रस्ता मिळाला. मामांनी बादलीभर पाणी ओतलं, वास गेला.

पण ही झुरळं मोरीपाशीच होती. अभ्यासिकेतल्या सापळ्यांवर होती ती जुनी, वाळून कडक झालेली. नवी जवळजवळ नव्हती. डबे नाहीत, बिस्किटांचा चुरा नाही, त्यांनी थांबावं कशाला? उंदरांनी मात्र उपवास न करता मुक्काम हलवला होता. खाली एका अहवालाच्या गठ्ठ्याचा कोपरा कुरतडून त्यांनी घरटं केलं होतं. त्याच सुमारास अमेरिकेत हॉटेलं बंद पडल्याने उंदीर बिथरल्याच्या, तिथल्या रोगनियंत्रण यंत्रणेने तसा इशारा दिल्याच्या बातम्या येत होत्या. आमचे उंदीर त्या मानाने सभ्य.

दुर्मीळ विभागाचं कुलूप काढलं. तिथे माणसं आधीही नव्हती, म्हणजे कमिटीच्या हिशेबाने काही बदलायला नको होतं. ‘मनोरंजन’ मासिकाचा एक खंड हातात घेतला. पाठीवरची चिठ्ठी अर्धी खरवडलेली, खालचा पुठ्ठा उघडा. आत गुळगुळीत कागदावरच्या चित्रांवर वेडेवाकडे पट्टे, जणू कोणी ब्लेडने वरचा पापुद्रा सोलावा. बाजूला पिवळट डाग आणि बारीक काळी विष्ठा. पान उलटलं तशी एक चंदेरी कसर शिवणीच्या फटीत सरकली. कसर बोगदे पाडत नाही, ती पृष्ठभाग खरवडते: चिकटवायची खळ, कागदावरचा झिलईचा थर, जे पिष्टमय ते तिचं. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, ते याचसाठी. शेजारच्या कपाटात बुरशीचा वास होता आणि पानापानांत पुस्तकातल्या उवा, टाचणीच्या डोक्याहूनही लहान, फिकट. त्या कागदापेक्षा बुरशीवर जगतात, त्यामुळे त्या दिसल्या की ओल आली असं समजायचं. आर्द्रतामापक ८०च्या वर होता. कसरीला नेमकी अशीच हवा मानवते.

मग फरक कशाने पडला? संशोधक येत नसले तरी मामा रोज झाडायला दार उघडत. पंखा लावत, कपाटं फडक्याने पुसत. मीही सापळे बघायला जायची. कुलूपबंद म्हणवणाऱ्या खोलीत एवढी माणसं होतीच, फक्त ती कोणी मोजली नव्हती. वर्दळ नव्हती, पण वारा हलत होता, नजर फिरत होती. (पावसाळ्यात खिडक्या सताड उघडणं हा मात्र उपाय नव्हे, बाहेरची हवा आतल्याहून ओली असते.) नजर नसली की काय होतं ते भुंगेऱ्यांनी दाखवलं. त्यांच्या अळ्या महिनोन्‌महिने पुस्तकाच्या आत बोगदे पाडत राहतात; वरून दिसतं ते टाचणीएवढं गोल भोक आणि फळीवर चिमूटभर भुसा. भुसा दिसल्या दिवशी खंड बाजूला काढला तर शेजारचे वाचतात. त्या वर्षी तो दिवस कोणाला दिसलाच नव्हता.

ऑक्टोबरात वाचनालयं उघडायला परवानगी मिळाली. अभ्यासिकेत एक खुर्ची सोडून एक, डबा आणायला बंदी. नंतर खुर्च्या भरल्या, बंदी मात्र आम्ही उठवली नाही, आणि सापळे जवळपास कोरेच राहिले. तेवढीच पोरं, तेवढेच तास, झुरळं नव्हती. तेव्हा मी वही कार्यकारिणीपुढे ठेवली आणि म्हटलं, गर्दीला दोष देऊ नका, डब्याला द्या. जेवणासाठी मागच्या अंगणात पत्रा घालून द्या. आणि खालचं कुलूप आठवड्यातून दोनदा तरी काढा, कोणी पुस्तक मागो वा न मागो. डांबरगोळ्यांचा खर्च वाचेल. त्यांच्या वासाने कीड मरण्याआधी वाचकाचं डोकं दुखतं.

पत्र्यावर वाद झाला, पण पत्रा मंजूर झाला. जास्त वाद डीप फ्रीझरवर झाला. कीड लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवलं की अळ्या-अंडी मरतात, औषधाचा थेंबही लागत नाही. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार पुस्तकावर दव धरतं. ‘पुस्तकं काय आइस्क्रीम आहेत का?’ असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. शेवटी एका आइस्क्रीमवाल्याचाच जुना फ्रीझर स्वस्तात मिळाला. तो जिन्याखाली ठेवलाय, आणि उन्हाळा लागला की अभ्यासिकेतली मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन त्याच्याभोवती घुटमळतात. चावी मी मामांकडे दिली आहे, कारण मुलांना माझी भीती वाटत नाही.